अपोलेनाच्या तोंडचं वाक्य

"हे अक्षर तुमचंच ना, कुतालेककाका?"

राडाना शिम्चिकोव्हाने पिवळं पडलेलं कार्ड टेबलावरून पुढे सरकवलं. मेतोद्येय कुतालेकने चष्मा शोधायचं नाटक केलं. चष्मा कपाळावरच होता, आणि हे कार्ड वाचायला त्याला चष्मा लागतही नव्हता. पस्तीस वर्षं झाली, तरी त्यावरचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं.

"माझंच," तो म्हणाला. "पोस्टातली जांभळी पेन्सिल आहे ती. तू आणखी एक गोड कोलाच-पाव घे ना. आलुबुखाराचा मुरांबा घातलाय आत."

"दोन झाले, काका. आता खाल्लं तर झोप येईल, आणि मला पावणेचारची बस गाठायचीय."

ब्रनोच्या कचेरीत मोरावियातल्या खेड्यापाड्यांच्या बोलींचा शब्दकोश चालला होता. चालला होता म्हणजे कुतालेकच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून चाललाच होता. आता कुठे त्यातला 'द'चा खंड ईस्टरच्या आधी छापखान्यात जायचा होता, आणि त्यातल्या एका क्रियापदापायी राडाना एक गाडी आणि दोन बसगाड्या बदलून व्र्बोव्कात आली होती. पोरगी तिशीतली होती, पण कागद हाताळताना जुन्या माणसासारखी बोटं पुसून घेत होती. कुतालेकला तेवढ्यावरूनच ती आवडली होती.

"ऐका हं, कच्ची प्रत आहे," ती वाचायला लागली. "'द्रात'. मूळ अर्थ फाडणं, ओरबाडून काढणं. फार जुनं क्रियापद. ग्रीकांकडे त्याचा भाऊ कातडं सोलायच्या कामाला असतो, आणि तिकडे भारतात संस्कृतात 'विदीर्ण' म्हणतात ना, त्यातही हेच लपलंय. मग आपल्याकडचे अर्थ. पिसाच्या काडीवरचा मऊ भाग ओढून काढणं, रजया-उश्यांसाठी. गर्दीतून अंग पुढे घुसवणं. मग रूपं. पुस्तकात 'देरू, देरेश, देरे', पण तुमच्या हना भागात 'मी' म्हणताना 'देरो'. आणि 'ते सगळे' म्हणताना तोच 'देरो', शेवट लांबवून."

"किती लांबवून, ते शेजारच्या फिलोमेनाकडून ऐक. तिचा शेवट येईपर्यंत कॉफी निवते."

राडाना हसली. मग तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं.

"आणि शेवटी हा अर्थ. सगळ्यांनी मिळून पिसं सोलून संपवणं. याला अख्ख्या हनामधून एकच पुरावा आलाय, तुमचा. अ. कु., जन्म १९३४. ऐकलं फेब्रुवारी १९७४. 'पिसं सोलून संपली, की तुझ्याजवळ येऊन बसेन.'" तिने कार्ड खाली ठेवलं. "आमच्या कचेरीत सगळ्यांना आवडलं हे. बाकीच्या कार्डांवर गाय, चिखल, सासू आणि शिव्या. त्यात हे असं. मुख्य उदाहरण म्हणून घेतोय. छापायचं म्हणून फक्त एकदा खात्री करायची. अ. कु. म्हणजे अपोलेनाकाकूच ना?"

"हो."

"आणि हे त्या तुम्हालाच म्हणाल्या?"

कुतालेक उठला आणि त्याने पाणी उकळायला ठेवलं. पाणी आधीच उकळलेलं होतं.

त्याची बायको अपोलेना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि ती असं म्हणाली नव्हती. त्याला नाही, कुणालाच नाही.

कुतालेक चाळीस वर्षं पोस्टमन होता. आठ खेडी, दोन टेकड्या आणि मोजता येणार नाहीत इतकी कुत्री. १९६३ साली ब्रनोहून डॉक्टर स्कोपाल नावाचे एक बुटके गृहस्थ आले आणि त्यांनी त्याला कार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येक दारात उभा राहणारा माणूस त्यांना हवा होता. काम सोपं होतं. कानावर पडेल ते लिहायचं, जसंच्या तसं, अख्खं. बोलणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची, जन्माचं वर्ष टाकायचं. सुधारायचं नाही, आणि रचायचं तर मुळीच नाही. "रचलेलं एक वाक्य म्हणजे पिठात सापडलेला उंदीर, कुतालेक," डॉक्टर म्हणाले होते. "पीठ तेवढंच असतं हो, पण मग कुणी खात नाही."

पत्रं वाटणं ही त्याची नोकरी होती. कार्डं लिहिणं हे त्याला स्वतःचं वाटायचं. सहावी शिकलेला माणूस, पण ब्रनोची विद्वान मंडळी त्याला 'आदरणीय सहकारी' म्हणून पत्र लिहायची, आणि ते पत्र तो स्वतःच स्वतःच्या दारात टाकायचा.

हिवाळ्यात बायका पिसं सोलायला एकत्र बसत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. टेबलावर हंसाच्या पिसांचा ढीग, भोवती दहा-अकरा जणी. खिडक्या बंद, दार उघडायचं ते चोरपावलांनी. कुणी जोरात हसायचं नाही, शिंकायचं तर एप्रनाआड, नाहीतर सगळी मऊ पिसं छताला. त्यामुळे बोलणं खालच्या आवाजात चालायचं, आणि खालच्या आवाजात माणसं जे बोलतात तेच तर खरं बोलणं. शब्द गोळा करणाऱ्याला ती घबाडाची जागा होती. कुतालेक शेगडीच्या मागे स्टुलावर बसायचा आणि बाहीत लपवलेल्या कार्डांवर लिहायचा.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत अपोलेनाने ते पाहिलं. कार्डं तिला माहीत होती, पण आपल्या घरी आलेल्या बायकांचं बोलणं नावानिशी, तारखेनिशी लिहिलं जातंय हे तिला माहीत नव्हतं. कम्युनिस्ट राजवट होती, काळ कसला होता ते सांगायला नको. कोण काय बोललं हे टिपून ठेवणारी माणसं तेव्हा दर गावात होती, आणि ती काही शब्दकोशासाठी टिपत नव्हती.

"माझ्या घरात बसून माझ्या मैत्रिणींचं बोलणं लिहितोस?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नवरा आहेस की पोलीसठाणं?"

त्याने कार्ड दाखवलं. त्यावर एक म्हातारी सुनेच्या डाळ शिजवण्याबद्दल काय म्हणाली ते होतं. कुणी हसलं नाही. सगळ्याजणी पिसं सोलत राहिल्या, पण तोंडाला कुलूप. दुसऱ्या दिवसापासून बैठक फिलोमेनाकडे हलली. अपोलेनाही तिकडेच जायला लागली. संध्याकाळी घरी यायची ती केसांत पिसं घेऊन आणि ओठ मिटून. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

त्या महिन्यातच ब्रनोहून प्रश्नावली आली. 'द्रात', सगळे अर्थ, सगळी रूपं, प्रत्येकाला ऐकलेलं वाक्य. बाकी सगळं त्याच्याकडे होतं. 'सोलून संपवणं' तेवढं रिकामं होतं. तो रिकाम्या स्वयंपाकघरात बसला, शेजारच्या खिडकीत बायकांच्या सावल्या दिसत होत्या, आणि त्याला ऐकायचं होतं ते वाक्य त्याने लिहिलं. आद्याक्षरं टाकली. वर्ष टाकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने शिक्का मारून पाकीट रवाना केलं.

"काका?" राडाना म्हणाली. "आठवत नसेल तर राहू द्या. शेजारी कुणी आहे का तेव्हाचं? नियमाप्रमाणे दुसरं कुणी हो म्हणालं तरी चालतं."

दुसरं कुणी दार न वाजवता आतच आलं. फिलोमेना एक्क्याऐंशी वर्षांची होती, आणि कुतालेककडे ब्रनोची बाई आल्याचं तिला बसथांब्यावरूनच कळलं होतं. कोट काढता काढताच तिने कोलाच उचलला, बसली आणि म्हणाली, "लिहा, काय लिहायचं ते. जन्म अठ्ठावीसचा. दात माझेच आहेत, खालचे."

राडानाने आवाज टिपायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि वाक्य वाचून दाखवलं.

"कोण म्हणालं?"

"अपोलेनाकाकू. काकांना."

"अपोलेना? ह्याला?" फिलोमेनाला ठसकाच लागला. "अगं, ती ह्याला म्हणायची, पाय उचल, खाली पिसं पडलीत. जवळ येऊन बसेन म्हणे. चाळीस हिवाळे मी तिच्या शेजारी…"

ती थांबली. कुतालेक कपाच्या तळाशी बसलेल्या कॉफीकडे बघत होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. फिलोमेनाने उरलेला कोलाच हळूच बशीत ठेवला.

"थांब, थांब," ती म्हणाली. "म्हणाली होती. हो. म्हातारपणी डोक्याचं भुसकट होतं बघ. एकदा म्हणाली होती खरी. मी शेजारीच होते."

"कधीची गोष्ट, मावशी?"

"ज्या वर्षी आमची गाय आटली."

"चौऱ्याहत्तर?"

"गाय काय वर्ष सांगून आटते होय? असेल. चौऱ्याहत्तरच."

राडानाने लिहून घेतलं आणि यंत्र बंद केलं. तिचा चेहरा उजळला होता. निघताना तिने कुतालेकचा हात दोन्ही हातांत धरला आणि खंड छापून आला की पहिली प्रत स्वतः घेऊन येते म्हणाली.

दार लागलं तसा कुतालेक म्हणाला, "कशाला बोललीस खोटं?"

"तू लिहिलंस कशाला?" फिलोमेना म्हणाली. "एवढ्या जाड पुस्तकात एक ओळ. कुणाचं काय जातं? जन्मभर बिचाऱ्याला पाय उचल, पाय उचल. म्हटलं, मेल्यावर तरी बायकोने गोड बोलावं."

"ती असं बोलणारी नव्हती."

"मला सांगतोस?"

"म्हणून तर. उद्या कुणी ते पुस्तक उघडेल, आणि त्याला वाटेल, अपोलेना कुतालेकोव्हा म्हणजे अशी होती. ती अशी नव्हती, फिलोमेना. हयात असताना तिला न विचारता तिचं बोलणं नेलं मी. आता मेल्यावर तिच्या तोंडात दुसरीचंच बोलणं घालू?"

फिलोमेनाने कपाळाला हात लावला. तोवर त्याने टोपी डोक्यावर ठेवली होती.

थांब्यापर्यंतची वाट चढाची होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि पावणेचारला पाच मिनिटं. पण पाय पोस्टमनचे होते. राडाना बाकावर बसून कार्ड पाकिटात घालत होती. त्याला बघून ती उठली.

"काय विसरले मी?"

"काही नाही. मीच विसरलो सांगायला." त्याला धाप लागली होती. "ते वाक्य काढ. रचलेलं आहे. मी रचलं. फिलोमेना माझ्यासाठी खोटं बोलली."

टेकडीच्या वळणावर बस दिसायला लागली होती.

"काका, का सांगितलंत?" राडाना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण रडू आल्यासारखं काहीतरी होतं. "कुणाला कळलं नसतं. मलासुद्धा नाही."

"तुला नियम माहीत आहे का, एखाद्याचं एक वाक्य खोटं निघालं तर काय करायचं?"

"माहीत आहे."

"बोल."

"त्याच्या सगळ्या कार्डांवर कोपऱ्यात प्रश्नचिन्ह. गावातलं तेव्हाचं दुसरं कुणी खात्री देईपर्यंत ती छापता येत नाहीत." ती पाकीट हातात फिरवत होती. "पण गावात तेव्हाचं दुसरं कोण? फिलोमेनामावशी. आणि त्यांनी तर आत्ताच…"

ते त्याच्या आत्तापर्यंत लक्षात आलं नव्हतं. त्याच्यासाठी खोटं बोलून फिलोमेनाने आपली साक्षही घालवली होती. त्या बैठकांतली बाकी सगळी माणसं चर्चमागच्या दफनभूमीत होती.

"किती आहेत माझी?" त्याने विचारलं.

"सहा हजार चारशे बारा."

बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने इंजीन बंद केलं.

"मी हे ऐकलंच नाही असं धरू या," राडाना घाईने म्हणाली. "हे एक कार्ड हरवलं म्हणून सांगते. बाकीची राहतील. काका, तेहतीस वर्षं लिहिलंत तुम्ही. निम्मा हना तुमच्या कार्डांवर आहे आमचा."

त्याला ते हवंसं वाटलं, हे खरं. एक पाऊल मागे घेतलं असतं तरी झालं असतं.

"तू कागद धरायच्या आधी बोटं पुसतेस," तो म्हणाला. "तू असलं करू नकोस. प्रश्नचिन्हं मी येऊन घालतो. एवढी कार्डं करायची तर तुझे डोळे जातील, आणि चूक माझी आहे."

ती बसमध्ये चढली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "बाबा, येताय का?" कुतालेकने नकारार्थी मान हलवली आणि उतारावरून घरी आला. फिलोमेना अजून टेबलापाशी बसली होती. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या तोंडचीही गेली?" ती म्हणाली.

"तुझीही."

"माझी पुष्कळ होती?"

"अकराशेच्या वर."

"एवढं बोलले मी?" असं म्हणून तिने त्याच्या आणि आपल्या कपात पुन्हा कॉफी ओतली.

दर गुरुवारी तो ब्रनोला जायला लागला. पहाटेची बस, मग गाडी, मग टेकडीवरच्या रस्त्याने कचेरी. राडानाने त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं होतं. लाकडी खण एकेक करून समोर यायचे. कार्ड उचलायचं, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं, ठेवायचं. पेन्सिल का, असं त्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं. पुसता यावं म्हणून, असं राडाना म्हणाली, आणि मग दोघंही तो विषय सोडून बोलले.

मधल्या काळात 'द'चा खंड छापून आला. 'द्रात' दोन पानांत बसलं होतं. 'सोलून संपवणं' या अर्थाखाली फक्त अर्थ होता आणि एक आडवी रेघ. त्याने ते पान एकदा पाहिलं. आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण खरं म्हणजे हायसंच वाटलं.

वाईट वाटत होतं ते खणांपाशी. सुरुवातीला तो न वाचता चिन्हं काढायचा. पण आपलंच अक्षर न वाचता कसं राहवणार? एकेक कार्ड म्हणजे एकेक दार होतं. लोहार फ्लोरिआन, जो कुत्र्याशी जर्मनमध्ये बोलायचा. गिरणीवरची आंधळी म्हातारी. शाळेची घंटा वाजवणारा मुका नव्हे पण मुक्यासारखा राहणारा माणूस, त्याची सगळी मिळून तीन वाक्यं. खरी, सगळीच्या सगळी खरी. कानांनी ऐकलेली. त्या प्रत्येकावर तो आता लिहीत होता की याची खात्री नाही.

अ. कु. अधूनमधून भेटायची. पाय उचल. दार लाव. एवढं मीठ कुणी घालतं का. तो प्रत्येकाला चिन्ह काढायचा आणि मनात म्हणायचा, माफ कर गं.

विसाव्या गुरुवारी, चपलाबुटांच्या तळव्यांचा खण चालला होता. चांभारांचे शब्द. टाच, टाका, तळवा, अर्धा तळवा. 'अर्धा तळवा' या शब्दासाठी लिहिलेलं एक कार्ड त्याच्या हातात आलं. ऐकलं फेब्रुवारी १९७९, स्थळ चांभाराचं दुकान. अ. कु. त्याला ते दुकान आठवलं. चामड्याचा वास, ती काउंटरपाशी, तो दारात पिशवी खांद्याला लावून. एक नवा शब्द मिळाला म्हणून त्याला केवढा आनंद झाला होता. नियमाप्रमाणे त्याने वाक्य अख्खं उतरवलं होतं, आणि ज्या शब्दासाठी उतरवलं त्याच्याखाली रेघ मारली होती. बाकीच्याकडे त्याने तेव्हाही पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही.

'नुसता अर्धा तळवा नका लावू, पुरा लावा. वर्षाला तीन जोड झिजवतो हा माणूस. एक दिवस गुडघ्यांवर रांगत येईल घरी. आला तरी पुरे.'

झिजवतो म्हणायला तिने तेच 'द्रात' हे क्रियापद वापरलं होतं. पण ते त्याला नंतर दिसलं. आधी दिसले ते शेवटचे तीन शब्द. तो दारातच उभा होता. त्याच्या देखत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती ते म्हणाली होती, आणि तो शब्दाखाली रेघ मारत होता.

"काका, दमलात का?" समोरून राडानाने विचारलं. "चहा ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला.

ती उठून गेली. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. हे एक कार्ड तसंच ठेवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि ते खरं होतं, त्याच्या सगळ्या आयुष्यात याहून खरं काही नव्हतं. कुतालेकने कार्ड दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केलं. मग उजव्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढलं, बाकीच्यांसारखंच, ना मोठं ना लहान, आणि पुढचं कार्ड घेतलं.